लहरींचा अनुशेष

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने दूरसंचार अधिनियम संमत केला, तेव्हा दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक सभासद निलंबित होते. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा कायदा विरोधी बाके ओस पडलेली असताना, जवळजवळ चर्चेविना मंजूर व्हावा, हे संसदीय लोकशाहीला शोभणारे नव्हते. बाहेर जी टीका झाली तिचा रोख पाळत ठेवण्याच्या आणि दूरसंचार सेवा बंद करण्याच्या सरकारी अधिकारांवर होता. तो योग्यच होता. परंतु त्या गदारोळात कायद्याचे सातवे कलम कोणाच्या फारसे नजरेस आले नाही. ५ जुलै २०२४ पासून हे कलम अमलात आले आहे, आणि नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने संपूर्ण कायद्यात त्याच्याइतके महत्त्वाचे दुसरे कलम शोधून सापडणार नाही.

हे कलम दोन गोष्टी सांगते. एका कंपनीला वा संस्थेला दिलेल्या रेडिओलहरी, तिच्या वापरात व्यत्यय येणार नसेल तर, सरकार आणखी कोणाला दुय्यम धारक म्हणून देऊ शकते. आणि दिलेल्या लहरी अपुऱ्या कारणास्तव विहित मुदतीपर्यंत न वापरता पडून राहिल्या, तर सरकारला ते वाटप रद्द करता येते. शेतीच्या भाषेत बोलावयाचे तर पहिला भाग वाट्याने कसण्याचा आहे आणि दुसरा पडीक जमीन काढून घेण्याचा. मराठवाड्याने हैदराबाद संस्थानाच्या १९५० च्या कूळकायद्यापासून हा वाद पाहिलेला आहे, त्यामुळे येथील वाचकाला त्यातील मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नवे आहे ते एवढेच की येथे जमीन दिसत नाही.

न दिसणाऱ्या या जमिनीवर आज काय काय अवलंबून आहे? शिधावाटप दुकानातील यंत्रावर अंगठा उमटतो तो जाळे असेल तरच. २०२१ पासून पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’च्या ॲपवर शेतकऱ्याने स्वतः करावयाची आहे. गारपीट किंवा पुराने उभे पीक गेले तर विमा कंपनीला बहात्तर तासांच्या आत कळवावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी छायाचित्रासह ॲपवर नोंदविण्याची सक्ती झाली. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्याच महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी मुकादमाच्या मोबाइलवर ‘रेंज’ आहे की नाही यावर ठरू लागली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा लातूर शहरातील शिकवणी वर्गांच्या गल्लीत राहणारा मुलगा आणि किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातील मुलगा यांच्यातील अंतर एका रात्रीत वाढले. शासनाने हक्कांची वाट लहरींतून नेली. त्या लहरी गावापर्यंत पोहोचतात की नाही हे पाहण्याचे काम मात्र बाजारावर सोपविले.

या बाजाराची रचना मुळातच अशी आहे की तीत नांदेड हा जिल्हा म्हणून दिसतच नाही. मोबाइल सेवेसाठी देशाचे बावीस परवाना-विभाग आहेत. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक विभाग होतो. कंपनी लिलावात लहरी विकत घेते त्या या संपूर्ण विभागासाठी. पुण्याच्या हिंजवडीत ज्या लहरींवर हजारो फोन एका वेळी तुटून पडतात, त्याच लहरी त्याच कंपनीच्या नावे माहूर तालुक्यातही असतात. तेथे तिने मनोरा उभारला नसेल तर त्या लहरी मुक्या राहतात, आणि दुसऱ्या कोणी त्या वापरल्यास तो गुन्हा ठरतो. लिलावाच्या अटींत जाळे विस्तारण्याचे बंधन असते हे खरे. परंतु ती मोजदाद बहुधा तालुका मुख्यालयांच्या टक्केवारीने, तीही विभाग हा एकक धरून होते. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्यांनी ती टक्केवारी भरून निघाली की नांदेडच्या सोळा आणि लातूरच्या दहा तालुक्यांतील वाड्या-तांड्यांचा प्रश्न कागदावर उरत नाही.

प्रादेशिक असमतोलाच्या प्रश्नाचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. राज्याची सरासरी दाखवावयाची आणि मागास जिल्हा तिच्या पोटात दडवावयाचा, ही ती युक्ती. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात नेमके याच्याविरुद्ध काम केले. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबीत जिल्हा हा एकक धरून राज्याच्या सरासरीशी त्याची तुलना केली आणि जे कमी पडले त्याला ‘अनुशेष’ हे नाव दिले. समितीच्या आकड्यांवर वाद झाले, तिने तालुका हा एकक धरावयास हवा होता असेही अनेकांनी म्हटले. पण त्यानंतर मराठवाडा निदान आकड्यांच्या भाषेत बोलू लागला. लहरींचा असा अनुशेष आजवर कोणी काढलेला नाही. पुढे वैधानिक विकास मंडळे आली, त्यांची मुदतही एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यांच्या पंचवीस वर्षांत हा विषय कधी गांभीर्याने हाताळला गेला नाही, कारण दूरसंचार हा केंद्राचा विषय.

यावर नेहमीचे उत्तर असे दिले जाते की स्पेक्ट्रम दुर्मीळ आहे, म्हणून महाग आहे, आणि महाग आहे म्हणून जेथे गिऱ्हाईक दाट तेथेच तो वापरला जाणार. या उत्तरातील पहिली पायरीच कच्ची आहे. ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा ग्रामीण भागास विशेष सोयीचा, कारण कमी वारंवारतेच्या लहरी दूर जातात, झाडी व भिंती यांतून अधिक सहज पार होतात, आणि म्हणून थोड्या मनोऱ्यांत अधिक प्रदेश व्यापतात. हा पट्टा २०१६ च्या लिलावात कोणी घेतला नाही. २०२१ मध्येही घेतला नाही. २०२२ मध्ये राखीव किंमत उतरविल्यावर एकाच कंपनीने त्यातील भाग घेतला. त्याच लिलावात ६०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी एकही बोली आली नाही. जून २०२४ मध्ये सुमारे ९६ हजार कोटी रुपये किमतीच्या लहरी विक्रीस मांडल्या गेल्या आणि ११ हजार ३४० कोटींच्या विकल्या गेल्या. म्हणजे कोठारात धान्य पडून आहे, दाराशी उपाशी माणसे आहेत, आणि भाव पाडावयाचा नाही म्हणून कुलूप उघडत नाही. याला दुर्मीळता म्हणत नाहीत.

दूरदर्शनच्या पट्ट्याची गोष्ट तर याहूनही बोलकी आहे. भारतात ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात आठ मेगाहर्ट्‌झचा एक असे पंधरा चित्रवाणी मार्ग बसतात. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की यांतील किमान बारा मार्ग देशाच्या सर्वच्या सर्व भूभागावर रिकामे आहेत. पुढे प्रसारभारतीने आपले जुन्या पद्धतीचे जमिनीवरील प्रक्षेपकही, मोक्याच्या सुमारे पन्नास जागा सोडता, २०२२ पर्यंत बंद केले. घरावरील उभ्या-आडव्या नळ्यांची अँटेना गेली, तिच्या जागी तबकडी आली. जो पट्टा एकेकाळी ‘चित्रहार’ घेऊन येत असे तो बव्हंशी निःशब्द झाला. त्याचे पुढे काय करावयाचे यावर मराठवाड्यात एखादी सभा झाल्याचे ऐकिवात नाही.

रिकाम्या लहरी इतरांनी वापरावयाच्या तर गोंधळ कसा टाळावयाचा, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे तांत्रिक उत्तर गेली पंचवीस वर्षे तयार होत आलेले आहे. जोसेफ मिटोला या अमेरिकी अभियंत्याने १९९९ च्या सुमारास, स्टॉकहोमच्या राजकीय तंत्रविद्यापीठात संशोधन करीत असताना, ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ ही कल्पना मांडली. मराठीत त्याला ‘जाणता रेडिओ’ म्हणावे. नेहमीचा रेडिओ ठरवून दिलेल्या एकाच वारंवारतेवर बोलतो. जाणता रेडिओ आधी कान देतो. आसपास कोणत्या लहरी वापरात आहेत, कोणत्या मोकळ्या आहेत हे तो पाहतो, मोकळी असेल ती घेतो, आणि मूळ धारक बोलू लागताच क्षणात ती सोडून दुसरीवर जातो. अमेरिकेने २००८ मध्ये चित्रवाणीच्या मोकळ्या मार्गांचा असा वापर करण्यास अनुमती दिली. २०११ मध्ये खेड्यापाड्यांतील दूर अंतराच्या सेवेसाठी याच तत्त्वावरचे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले.

आधी ऐकावे, मग बोलावे, ही शिस्त हौशी रेडिओचालकांनी फार पूर्वीपासून पाळलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी व परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा संपर्काच्या कामात या हौशी चालकांचीही मदत झाली. त्यांच्या लहरी कोणाही एकाच्या मालकीच्या नसतात. परीक्षा देऊन परवाना मिळविलेला प्रत्येक जण तो पट्टा वापरतो, आणि कोणी बोलत असेल तर थांबतो. एक सामाईक संपत्ती माणसे नियमाने वाटून घेऊ शकतात याचा हा साधा पुरावा आहे. जे माणसांनी शिस्तीने केले ते यंत्राकडून करवून घ्यावयाचे, एवढाच जाणत्या रेडिओचा दावा.

मात्र यंत्राच्या कानावर विसंबून चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. डोंगराच्या एका अंगाला प्रक्षेपक बोलत असेल आणि जाणता रेडिओ दुसऱ्या अंगाच्या दरीत असेल, तर त्याला काहीच ऐकू येणार नाही. लहर मोकळी आहे असे समजून तो बोलू लागेल आणि डोंगरमाथ्यावरील तिसऱ्याच घरातील सेवेत खरखर आणील. म्हणून व्यवहारात कानाच्या जोडीला वही ठेवावी लागते. कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी, कोणती लहर मोकळी आहे याची सतत अद्ययावत नोंदवही असते. यंत्राने आपले ठिकाण कळवावयाचे, वहीने लहर नेमून द्यावयाची. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात याच रीतीने तीन थर केलेले आहेत. पहिला मान नौदलाच्या रडारांचा, दुसरा पैसे भरून अग्रहक्क घेतलेल्यांचा, आणि उरलेल्या जागेत तिसरा थर सर्वसामान्य वापरकर्त्यांचा. २०१५ मध्ये नियम झाले, २०२० पासून पूर्ण व्यापारी वापर सुरू झाला, आणि तिसऱ्या थरात शाळांनीही आपापली जाळी उभारली. नौदलाच्या रडारशेजारी शाळेला जागा मिळू शकते, तर माहूरच्या डोंगरात मुक्या असलेल्या लहरीशेजारी ग्रामपंचायतीला ती मिळू नये, यास तांत्रिक कारण नाही. खरा प्रश्न वही कोणाच्या हाती राहणार हा आहे. तलाठ्याच्या दप्तराचे महत्त्व ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ही वही खाजगी कंपनीच्या संगणकात जाऊ देऊ नये.

वाटून वापरण्याचे नियम कसे असतात आणि दुय्यम वाटेकऱ्याच्या पदरी काय पडते, याचा धडा नांदेड जिल्ह्याने गोदावरीवर घेतलेला आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा तंटा सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाली काढला. बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावयाचे, म्हणजे पावसाळ्याचे पाणी खालच्या श्रीरामसागरात जाईल. त्यानंतर दरवाजे लावून महाराष्ट्राने २.७४ टीएमसीपर्यंत पाणी अडवावयाचे. आणि १ मार्चला त्यातून ०.६ टीएमसी पुन्हा खाली सोडावयाचे. देखरेखीस समिती. वेळेनुसार वाटप, मूळ धारकाला बाधा नको, मधल्या काळात दुसऱ्याचा हक्क: जाणत्या रेडिओचे संपूर्ण तत्त्व या निकालात सामावलेले आहे. पण त्या भागातील शेतकऱ्यांची तक्रारही तितकीच खरी आहे. पाऊस संपल्यावर नदीत वाहते पाणी ते किती? २८ ऑक्टोबरला दरवाजे लागतात तोवर अडविण्याजोगे बरेचसे वाहून गेलेले असते. उरलेल्यावर हक्क म्हणजे कधीकधी शून्यावर हक्क.

लहरींच्या बाबतीत हाच धोका आहे. मूळ धारकाने ‘आता मला हवी’ म्हणताच गावाने जाळे बंद करावयाचे असेल, तर कोणती सहकारी संस्था त्यात भांडवल घालील? दुय्यम हक्काला किमान काही वर्षांची हमी आणि सूचनेची मुदत हवी, नाहीतर सातवे कलम शोभेपुरते उरेल. एक फरक मात्र लहरींच्या बाजूने आहे. बाभळीत अडविलेले पाणी श्रीरामसागराला कमी पडते. माहूरमध्ये वापरलेली लहर हिंजवडीत तसूभरही कमी होत नाही. वापरल्याने ती झिजत नाही, आणि न वापरता साठवूनही ठेवता येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, कारण पाणी निदान वाहून आणता येते. गतवर्षीची मोकळी लहर यंदा कोणत्याही गाडीने आणता येणार नाही.

कंपन्यांचा आक्षेप असा की त्यांनी भरमसाट पैसे मोजून लहरी घेतल्या, आता दुसऱ्याला फुकट का? चित्रवाणीच्या मोकळ्या लहरी परवान्याविना वापरू देण्याची चर्चा झाली, तेव्हाही मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने विरोध करून लिलावाचा आग्रह धरला होता. ज्या लहरींचे मोल तिच्या सभासदांनी मोजलेले नव्हते त्यांविषयीही! वस्तुतः लिलावातून जे मिळते ते वापराचा मर्यादित हक्क आहे. हवेतील लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचा वापर लोकहिताच्या दृष्टीने नियंत्रित झाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात स्पष्ट केले. त्या पीठावर न्या. प. बा. सावंत होते, हे महाराष्ट्रातील वाचकांस सांगावयास नको. २ फेब्रुवारी २०१२ रोजी याच न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हापासून लिलाव हाच एकमेव स्वच्छ मार्ग अशी समजूत रूढ झाली. परंतु त्याच वर्षी २७ सप्टेंबरला राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देताना न्यायालयाने सांगितले की नैसर्गिक संपत्तीच्या वाटपासाठी लिलाव ही घटनात्मक सक्ती नाही. सर्वसामान्यांचे हित साधत असेल तर अन्य मार्गही घेता येतात. हा दुसरा निर्णय फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

सरकारने २०१५ मध्ये लहरी वाटून वापरण्यास आणि विकण्यास मुभा दिली, ती परवानाधारक कंपन्यांनी आपापसात करावयाच्या व्यवहारांपुरती. जमीनदारांनी एकमेकांस जमिनी खंडाने द्याव्यात तसा तो प्रकार होता. सातव्या कलमाखाली दुय्यम धारक कोण होणार यावर म्हणूनच सारे अवलंबून आहे. एखाद्या बड्या उद्योगसमूहाला त्याच्या कारखान्यापुरते जाळे स्वस्तात मिळवून देणे एवढाच या कलमाचा उपयोग झाला, तर किनवटच्या तांड्याला त्यात काही नाही. ग्रामपंचायतींचे संघ, सहकारी संस्था, शाळा-महाविद्यालये यांना दुय्यम धारक म्हणून प्राधान्य देणारे नियम करता येतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये घराबाहेरील वापरासही परवानामुक्त झाला, तेव्हाही अनर्थाचे भाकीत करणारे होते. आज घरोघरचे वायफाय त्या गायरानावरच चालते.

भाबडेपणाला मात्र येथे जागा नको. मोकळी लहर मिळाल्याने मनोरा आपोआप उभा राहत नाही. वीज लागते, गावापर्यंत तंतू लागतो, दुरुस्त करणारा माणूस लागतो. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात याच चित्रवाणीच्या मोकळ्या लहरींवर काही गावे जोडून दाखविली. तो प्रयोग यशस्वी झाला, तरी परवाना प्रायोगिकच राहिला. व्यापारी वापरास मोकळीक नाही म्हणून यंत्रे थोडी बनली, आणि थोडी बनली म्हणून महाग राहिली. हे चक्र कोणी खाजगी कारखानदार फोडणार नाही. त्यासाठी निधी आहे. कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के आकार सार्वत्रिक सेवेसाठी वर्षानुवर्षे घेतला जात आहे, आणि त्याच निधीचे नाव आता ‘डिजिटल भारत निधी’ झाले आहे. भारतनेटचा तंतू ज्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत आला आहे, तेथून तीन-चार कोसांवरील वाडीपर्यंतचा तुकडा लहरींनी जोडणे, हे त्या निधीतून करण्याजोगे काम आहे.

कोणती कारणे ‘अपुरी’ समजावयाची आणि लहर किती काळ पडीक राहिल्यावर वाटप रद्द होणार, हे ठरविणे कायद्याने नियमांवर सोडले आहे. हे नियम विभाग हा एकक धरून लिहिले गेले तर कोणतीही लहर कधीही पडीक ठरणार नाही. पुण्यातला एक मनोरा संपूर्ण महाराष्ट्रातील वापराचा पुरावा म्हणून पुढे केला जाईल. म्हणून निदान तालुका हा एकक धरला जावा, ही मागणी मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी दिल्लीत लावून धरली पाहिजे. आणि मागणी करण्यापूर्वी हातात मोजमाप हवे. नांदेडमध्ये १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे, लातुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. एक अँटेना, एक मापनयंत्र आणि विद्यार्थ्यांचे चार गट एवढ्या सामग्रीवर देगलूरपासून निलंग्यापर्यंत आणि किनवटपासून उदगीरपर्यंत प्रत्येक तालुक्यात कोणता पट्टा कोणाच्या नावे आहे आणि त्यातला कोणता मुका आहे, याचा नकाशा एका शैक्षणिक वर्षात काढता येईल. तो दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांपुढे ठेवावा.